आतून दिलेला रंग

दादानं रिमोटवरची छोटी गाडी काचेवर ठेवली आणि पुढच्या बाजूला बरोबर मध्यावर पट्टीची कड घालून ती हळूच उचलली. दोन्ही चाकं एकदम सुटायला हवीत. एक आधी सुटलं तर सांगाडा पिळलेला आहे, आणि पिळलेली गाडी वेग घेताना एका अंगाला ओढते. बाकीचे लोक हे डोळ्यांनी बघतात. दादा मान वाकडी करून ऐकत होता.

"डावं आधी उठलं," तो म्हणाला. "हातोड्या, वरच्या पट्टीचे स्क्रू कुणी आवळले?"

"मी."

"वाटलंच. ट्रक नाहीये हा."

हातोड्या म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. नाव दादानंच ठेवलेलं, आणि आता क्लबातली शेंबडी पोरंसुद्धा त्याच नावानं हाक मारायची. दादा क्रेन चालवायचा, धाकटा गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचा. रिमोटवरच्या टूरिंग कारचा नवा किट आला की सुटे भाग तो जोडायचा आणि दादा सगळ्यांसमोर ते उसकटून पुन्हा जोडायचा. शर्यतीत रिमोट दादाच्याच हातात. धाकट्यानं तो एकदा मागितला होता. "आधी स्क्रू आवळायला शीक," असं दादा चारचौघांत म्हणाला आणि लोक पोट धरून हसले. तेव्हापासून धाकट्यानं डूख धरला होता.

दादाचे डोळे चाललेत हे एकट्या धाकट्याच्या लक्षात आलं होतं. काळपट टेबलावर काळा पाना दादा चाचपत राहायचा, लाल मुठीचा मात्र झटकन उचलायचा. भडक रंग दिसायचे, बाकीचे विरून जायचे. दादानं हे कुणाला सांगितलं नव्हतं, वहिनीलासुद्धा नाही. धाकट्यानंही विचारलं नाही. हुकमाचा एक्का हाती आला की माणूस तो जपून ठेवतो.

"बॉडी झाली का?" दादानं विचारलं. जुनी सरावात पार फाटत आली होती.

"झाली. वाळतेय."

"नारिंगीच ना? भडक?"

"तू सांगितलीस तशीच."

"तेवढं एक तरी येतं तुला."

ह्या बॉडीचं प्लॅस्टिक पारदर्शक असतं. रंग आतून द्यायचा आणि बाहेरची पातळ फिल्म सगळ्यात शेवटी सोलायची. धाकट्याच्या खोलीत ती खिळ्याला टांगली होती आणि आतून राखाडी होती. नुसती राखाडी नव्हे, डांबराची राखाडी. ट्रॅकचा एक सुटलेला खडा गॅरेजात नेऊन त्यानं ती छटा जुळवली होती. इतकं मन लावून त्यानं आजवर कुठल्याच गाडीला रंग दिला नव्हता.

शर्यतीच्या दिवशी बॉडी अगदी शेवटी चढवायची, तोवर मोटर गार राहते. ही दादाचीच शिस्त. दादा रिमोट घेऊन चालकांच्या उंच माचावर जाऊन उभा राहिला. धाकट्यानं खाली फिल्म सोलली, बॉडी अडकवली आणि गाडी रांगेत ठेवली.

शिट्टी झाली. पहिलं वळण दादानं सवयीनं, नुसत्या आवाजावर घेतलं. मग सगळ्या मोटरांचा गोंगाट एकमेकांत मिसळला आणि त्याची मान इकडून तिकडे फिरायला लागली, गर्दीत पोर हरवलेल्या आईची फिरते तशी. सरळ पट्टीवर गाडी पूर्ण वेगात आली आणि वळलीच नाही. कठड्यावर आपटून पुढचं चाक उडालं, बॉडी फाटून लांब जाऊन पडली.

"दादा, झोप लागली का?" कुणीतरी ओरडलं. लोक हसले. धाकटाही हसला, आणि त्याला फार बरं वाटलं.

दादा माचाचा कठडा धरून खाली उतरला. बॉडी पिशवीत गेली होती. धाकट्यानं नुसता सांगाडा त्याच्या हातात दिला. दादानं त्यावरून बोटं फिरवली.

"गाडीची चूक नाही," तो म्हणाला. "तू नीट बांधली होतीस."

जन्मात पहिल्यांदा तो असं म्हणत होता.

"माझे डोळे गेले रे. लपवत होतो. मनाशी ठरवलं होतं, माचावरून नारिंगी गाडी दिसतेय तोवर क्रेन चालवायची. केबिनही एवढीच उंच आहे. खाली माणसं असतात, त्यांची जाकिटं नारिंगीच. काल जुनी बॉडी दिसत होती. आज काहीच दिसलं नाही."

त्यानं खिशातून फोन काढला, नाकाशी धरून फोरमनला लावला आणि रिमोट धाकट्याच्या हातात दिला.

"हा घे. आजपासून तुझा."

रिमोट दादाच्या घामानं ओला होता. धाकट्याचं बोट आपसूक चापावर जाऊन बसलं. तिकडे फोन वाजत होता, अजून कुणी उचलला नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं. तो बोलला नाही.

"उद्यापासून येत नाही," दादा फोनवर म्हणाला. "नाही हो, सुट्टी नाही. कायमचंच."

घरी वहिनीनं पिशवी रिकामी केली. धाकटा रिमोट मांडीवर घेऊन बसला होता.

"भावजी, ही राखाडी कशी?" तिनं विचारलं. "ह्यांना तर नारिंगीच लागते."

खुर्चीच्या हातावर ठेका धरलेली दादाची बोटं थांबली.

"मीच सांगितलं होतं," दादा म्हणाला. "रोज काय नारिंगी. दे इकडे."

वहिनी बॉडी देऊन आत गेली. दादानं ती खिडकीकडे धरली, डोळ्यांपाशी आणली, लांब नेली, परत जवळ आणली. मग आतल्या बाजूनं बोट फिरवलं.

"एकसारखा बसलाय," तो म्हणाला. "कुठे ओघळ नाही. चांगलं काम केलंस."

"दादा—"

"अहो," वहिनीचा आतून आवाज आला, "उद्या सकाळची पाळी ना? डबा लवकर लागेल?"

दादानं बॉडी गुडघ्यावर नीट ठेवली.

"जा," तो म्हणाला. "तूच सांग तिला."