माझी हद्द अखजीला आखली

मी गटार नाही. आधी एवढं ऐका, मग खुशाल नाकाला रुमाल लावा. मी नाला आहे. धुळ्याबाहेरच्या माळावर माझा जन्म झाला आणि या शहरातून वाट काढत मी पांझरेला मिळतो.

मला दोन रूपं आहेत. उन्हाळ्यात लहान पोरही उडी मारून ओलांडेल एवढी बारीक धार. आणि भादव्यात दोन्हीकडची सखल जमीन व्यापून बसलेलं पाणी. त्या जमिनीत पाणकणसं वाढतात, शेकाटे पक्षी लाल काड्यांसारखे पाय टाकत फिरतात. पुराचं पाणी तिथे पसरतं, निवतं, मुरतं. म्हणून तर पलीकडच्या गल्लीत ते कधी शिरलं नाही. लोक त्या जमिनीला पडीक म्हणायचे. ती जमीन म्हणजे मीच होतो.

पूर्वी श्रावणात बायका वाजतगाजत कानबाई देवीला पाण्यात बोळवायला माझ्याकडे यायच्या. मग कॉलन्या झाल्या. प्रत्येकीने आपला पाइप माझ्यात सोडला आणि वर मलाच घाणेरडा ठरवलं. आता कानबाई प्लास्टिकच्या टाकीत बोळवतात. तीही माझ्याच काठावर ठेवून!

अशा दिवसांत मोहिनी आली. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, बोलायला तिखट. तिने आणि तिच्या वर्गमित्राने, भूपेंद्रने, ‘नालासोबती’ नावाची संस्था काढली. दर रविवारी ही मंडळी गुडघाभर चिखलात उतरून फाटक्या गाद्या, कोंबड्यांची पिसं, फुटके देव्हारे बाहेर काढायची. पलीकडच्या गल्लीत म्हैस पाळणारी पुष्पाबाई त्यांना चहा आणून द्यायची. कितीतरी वर्षांनी मला कुणीतरी गटार न म्हणता नाला म्हणत होतं.

संस्थेला धास्ती होती ती भरावाची. रुपचंदशेठने शेजारची जमीन घेतली होती. त्याला सखल भाग मुरमाने भरून प्लॉट पाडायचे होते. मोहिनी म्हणाली, “त्याच्याआधी आपणच हद्द आखू.” पण खांब रोवायला माणसं हवीत. ती कधी मिळणार? अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. नरडाण्याच्या कारखान्यातली, पुण्याच्या कंपन्यांतली पोरं तेव्हाच घरी येतात, लेकी माहेरी येतात. आमरस-पुरणपोळी झाली, झोके झाले आणि सगळी फौज माझ्या काठावर उतरली.

ऐन वैशाखात मी असणार तरी किती? त्यांनी धारेच्या कडेकडेने सिमेंटचे खांब रोवले, काटेरी तार ओढली. माझं भादव्यातलं रूप कोरडं, भेगाळलेलं, तारेच्या बाहेरच राहिलं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण उन्हाळ्यात मला आवाज नसतो.

पुष्पाबाई हसत म्हणाली, “काय व मोहिनी, नालाले बी दावं बांधी राह्यनी का तू?”

“हो अक्का, नाहीतर उद्या कुणी चोरून नेईल.”

“मंग मन्ही म्हैसले बी दे थोडी तार!”

सगळे खिदळले. शेवटी पाटी लागली : ‘नाल्याची हद्द. खांबांच्या आत भराव टाकू नये.’ सगळ्यांनी तिच्यासमोर फोटो काढले.

पावसाआधी डंपर आले. मुरूम माझ्या छातीवर ओतू लागले. पाणकणसं गेली. टिटव्या डंपरवर झेपा घेत ओरडत होत्या. मोहिनी धावत आली आणि चाकांसमोर उभी राहिली. रुपचंदशेठ गाडीतून उतरला, अगदी शांतपणे.

“ताई, खांब तुमचे, पाटी तुमची. आत घमेलंभर मुरूम टाकला असेल तर दाखवा.”

“शेठ, पावसाळ्यात इथपर्यंत पाणी येतं!”

“मग तेव्हाच खांब लावायचे होते. तुमचे फोटो आहेत ना माझ्याकडे.”

तिने सरकारी कचेऱ्यांची दारं ठोठावली. सगळीकडे तेच फोटो तिच्या आधी पोचलेले होते.

भादव्यात माळावर ढग फुटला. मी नेहमीसारखा माझ्या जागी पसरायला गेलो, तर तिथे मुरमाची भिंत. मागून पाणी ढकलत होतं. वाट एकच उरली होती. मी गल्लीत शिरलो. पुष्पाबाई कशीबशी घराच्या धाब्यावर चढली. दावणीला बांधलेली म्हैस मान वर करून हंबरत राहिली आणि मग गप्प झाली. ते पाणी माझंच होतं.

पाणी ओसरल्यावर मोहिनी आली. पुष्पाबाई तिच्याकडे न बघता म्हणाली, “तुन्हा खांब उभा शेतस. मन्ही म्हैस गई.”

भूपेंद्रने संस्थेचा नाद सोडला. गल्ली म्हणाली, या गटाराचा बंदोबस्त करा. महापालिकेत कुणीतरी ठरवलं, नाला पाइपात घालून वरून रस्ता करायचा.

सिमेंटचे पाइप आता माझ्या काठावर येऊन पडलेत. मला आत घालून माती लोटतील, डांबर ओततील. पण मी त्यात मावणार नाही. मला बुजवता येईल. माळावरचा पाऊस कोण बुजवणार? वरून येणारं पाणी या वेळी कुणाच्या दारात शिरेल, ते मलाही माहीत नाही.

मोहिनी रोज येते. गल्लीतली बाया-माणसं तिच्याशी बोलत नाहीत. ती पाइपांसमोर एकटी उभी असते. आज खोदायचं मशीन येणार आहे. तुम्ही इथपर्यंत ऐकलंच आहे, तर घरी जाऊ नका. तिच्या शेजारी येऊन उभे राहा.