हाजराबी मणेरणीची बोलकी पाटी

मी हाजराबी मणेरणीची पाटी बोलतेय. रोज मी तिच्या बोटानं बोलते, आज माझ्या मनानं बोलणार आहे. तेव्हा मध्येच तोडू नका. मला मध्ये तोडण्याची लोकांना फार हौस, आणि आता ती मी खपवून घेत नाही.

दिसायला मी साधा टॅबलेट. भोवती जाड रबरी कड आणि पाठीला मोठा स्पीकर. माझ्या तोंडावर चौकोनी बटणं आहेत. एक बटण दाबलं की त्यात भरून ठेवलेलं अख्खं वाक्य मी बोलते. आसिया, म्हणजे हाजराबीची सून, त्याला शॉर्टकट म्हणते. बटणात नाही असं काही बोलायचं असेल, तर एकेक अक्षर टिपत बसावं लागतं. तोवर माणसं उठून जातात.

आवाज मला बाईचा दिलाय, म्हणून मीही बाईच. पाटी हे नाव हाजराबीनं ठेवलं.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला धड माहीत नाही. पहिली माणसं पाहिली ती मिरजेच्या दवाखान्यात. हाजराबीच्या घशात गाठ झाली होती. डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली आणि श्वासाला गळ्यावर भोक ठेवलं. बाई वाचली, आवाज गेला. आयुष्यभर दातांना लावलेल्या तंबाखूच्या मिशरीनं घात केला, असं सगळे म्हणत. तिला ऐकू येतं आणि उलटून बोलता येत नाही, हे लक्षात आल्यावर तर जरा जास्तच म्हणू लागले.

बोलायला शिकवणाऱ्या एका बाईंनी मला तिच्या मांडीवर ठेवलं. बाई भल्या होत्या. पण माझ्यात आधीपासून भरलेली वाक्यं ऐका: 'मला वेदना होत आहेत.' 'मला झोपायचे आहे.' 'मला पाणी हवे आहे.' 'धन्यवाद.' 'माफ करा.' सगळी आजारी माणसाची वाक्यं! ज्याचा आवाज गेला त्याला काही विकायचं असेल, कुणाची थट्टा करायची असेल, कुणाला चार शब्द सुनवायचे असतील, हे माझ्या घडवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. हाजराबीनं सगळी बटणं एकदा दाबून बघितली आणि मला उशीखाली सरकवलं. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर खिडकीतून फेकून दिलं असतं.

ती होती शिराळ्याच्या बाजारपेठेतली मणेरीण. सासूच्या हाताखाली बांगड्या भरायला शिकली आणि नवऱ्याच्या मागं दुकान एकटीनं चालवलं. तिचं बोलणं मी ऐकलेलं नाही, पण त्याचे किस्से पुष्कळ ऐकलेत. ती गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायची आणि गप्पांत असं गुंतवायची, की बांगडी मनगटावर कधी चढली ते त्या बाईला कळायचंही नाही. बांगडी भरताना हात घट्ट धरला तर काच पिचते, म्हणून बाईला बोलतं ठेवावं लागतं. मणेरणीचं अर्धं काम बोटांनी होतं आणि अर्धं जिभेनं.

दवाखान्यातून आल्यावर तिच्या मुलानं, मुजीबनं, सरळ सांगितलं, "अम्मी, अब बस कर. आराम कर. दुकानात मी मोबाईलची कव्हरं आन् चार्जर लावतो."

मुजीब वाईट नाही. आईच्या गळ्यावरचं फडकं तोच रोज धुऊन वाळत घालतो. पण त्याच्या लेखी आई आता सांभाळायची वस्तू झाली होती. मी वस्तूच आहे, त्यामुळे वस्तू होणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको.

हाजराबीनं मला उशीखालून काढलं आणि अक्षर टिपत टिपत म्हणाली, "दुकान माझं हाय." माझ्या पोटात भाषा मराठीच आहे, म्हणून घरातसुद्धा ती आता हिंदी सोडून मुलावर मराठीतच रागावते.

नागपंचमीच्या आधी शिराळ्यात माहेरवाशिणींची झुंबड असते. हाजराबी हट्टानं दुकानात बसली. बाया येत, रंग विचारत आणि उत्तराची वाट बघत. हाजराबी टिपायला लागे. दोन-तीन अक्षरं होईतो त्या एकमेकींकडं बघत आणि म्हणत, "असू द्या मावशी, त्रास नका घिऊ." मग शेजारच्या दुकानात जात. त्यांना वाटे आपण दया केली. असली दया मला नको आणि हाजराबीला तर अजिबात नको!

त्या सणानंतर आसिया मला घेऊन सासूपुढं बसली. "अम्मी, तुम्ही दुकानात रोज काय बोलायच्या ते सांगा. मी बटणात घालते."

माझा खरा जन्म तेव्हा झाला असं मी मानते. 'मला झोपायचे आहे' पुसलं गेलं आणि तिथं आलं, 'हात सैल सोड गं, मी काय तुझी सासू न्हाई!' 'मला पाणी हवे आहे' गेलं आणि आलं, 'अंगठा आत घे, डोळं मीट, झालंच बघ.' एक बटण नुसतं घासाघीस करणाऱ्यांसाठी होतं: 'जा, सगळा बाजार फिरून ये. मी हितंच हाय.' माझा आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा. त्यातून ही असली वाक्यं बाहेर पडली की आसिया तोंडात ओढणी कोंबून हसायची. हाजराबी हसली की आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. मी ते पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

मुजीबही एक दिवस मदतीला बसला. बांगड्या भरून झाल्या की बाई मणेरणीला वाकून नमस्कार करते आणि मणेरीण आशीर्वाद देते, ही इकडची रीत. आईचं एक बटण दाबणं वाचावं म्हणून त्यानं दोन्ही वाक्यं एकाच शॉर्टकटमध्ये घातली. 'झालं' दाबलं की मी म्हणणार, 'झाल्या बरं का भरून. अखंड सौभाग्यवती हो!' त्याचा हेतू चांगला होता. माणसं बहुतेक चुका चांगल्या हेतूनंच करतात.

तुळशीची लग्नं झाली आणि जुन्या गिऱ्हाईक चंद्राबाईंचा निरोप आला. त्यांच्या धाकट्या लेकाचं, धैर्यशीलचं, लग्न होतं. घरातल्या बायांना हिरवा चुडा भरायला हाजराबीनंच यावं, असं त्यांनी कळवलं होतं. मुजीब म्हणाला, "हे लगीन बघू. जमलं तर दुकान तुझं, मी परत बोलणार न्हाई. न जमलं तर मात्र बांगड्या बंद." हाजराबीनं मान हलवली.

लग्नघर उसाच्या रानातल्या वस्तीवर होतं. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीवर, सतरंजी अंथरलेली. हाजराबी भिंतीला टेकून बसली आणि बांगड्यांच्या पेटीवर तिनं मला उभं केलं. मुजीब दारात थांबला. पहिलाच हात चंद्राबाईंच्या पुतणसुनेचा, अंकिताचा. तिनं भीतीनं मूठ आवळली आणि मी बोलले, "हात सैल सोड गं, मी काय तुझी सासू न्हाई!"

सगळा सोपा हसला. अंकिताची सासू सगळ्यांत मोठ्यांदा हसली. मग रांग लागली. "मला बी ते बोलून दाव की गं!" असं बाया मला सांगू लागल्या. एकामागून एक हात भरत होते आणि मी आशीर्वाद देत होते. मुजीबच्या चेहऱ्यावर हसू आलेलं मी पाहिलं. आपण जिंकलो, असं मला वाटलं.

बोलता येत होतं तेव्हा हाजराबी समोरच्या बाईच्या घराची, माहेराची चौकशी करत चेहरा बघून काम करायची. आता ती खाली मान घालून फक्त हात बघते. पुढचा हात आला. सावळा, बारीक मनगटाचा, काहीच न घातलेला. हाजराबीनं तो धरला, हिरव्या बांगड्या चढवल्या आणि 'झालं' दाबलं.

"झाल्या बरं का भरून. अखंड सौभाग्यवती हो!" मी म्हणाले.

हसणाऱ्या बायांनी पदर तोंडाला लावले. तो हात सोनियाचा होता. सोनिया म्हणजे चंद्राबाईंची लेक, नवऱ्या मुलाची बहीण. तिचा नवरा फौजेत होता, तिकडंच ड्युटीवर असताना गेला. तेव्हापासून ती माहेरी होती. चहाचे कप गोळा करायला आली आणि रांगेत हळूच बसली होती.

"आवं हाजराबी, ह्ये काय केलंसा!" चंद्राबाई पुढं आल्या. धनी गेल्यापासून त्यांचे स्वतःचेही हात मोकळेच. "तिला न्हाई भरायच्या. काढा त्या. लगीनघर हाय, वंगाळ दिसतंय."

मुजीब दारातून धावला. "मावशी, मशीनची चूक हाय. अम्मीचं काय न्हाई त्यात. मशीन चुकून बोललं." आणि आईला न विचारता त्यानं माझ्यावरचं जुनं बटण दाबलं.

"माफ करा," मी म्हणाले.

मला म्हणावंच लागलं. तो शब्द माझ्या तोंडून गेला, हाजराबीच्या नावावर गेला आणि तिचा मुळीच नव्हता. माझ्या उभ्या जन्मात मला एवढा संताप कधी आला नाही. माझी चूक? मी तर प्रत्येक बाईला म्हणत होते तेच म्हणाले. तेच शब्द एका हाताला शोभतात आणि दुसऱ्या हाताला वंगाळ दिसतात, हा हिशेब माझ्या आत कुणी भरलेला नव्हता. आणि तिचा आवाज गेला म्हणून तिच्या वतीनं माफी मागायचा अधिकार मुलाला कुणी दिला?

"बरं, चुकलं तर चुकलं," चंद्राबाई म्हणाल्या. "आता काढा."

हाजराबीनं सोनियाच्या हाताकडं पाहिलं. सोनियानं तो मागं घेतला नव्हता. हाजराबीनं मुलाचा हात फटकन बाजूला सारला, मला मांडीवर ओढलं आणि टिपायला लागली. यासाठी कुठलाही शॉर्टकट नव्हता.

"जाऊ द्या मावशी, आलं ध्यानात," कुणीतरी म्हणालं. "चुकलं म्हनत्यात त्या."

हाजराबीनं हात वर केला. थांबा! पुन्हा टिपायला लागली. बाया चुळबुळल्या, कुणी खोकलं, स्वयंपाकघरातून कुणीतरी हाक मारली. ती थांबली नाही. शेवटी मी बोलले आणि स्पीकरमध्ये होता नव्हता तो सगळा जोर लावून बोलले:

"चूक पाटीची न्हाई आन् माझी बी न्हाई. हात तिनं पुढं केला. पुढं आलेला हात मी मोकळा सोडत न्हाई, आन् भरलेली बांगडी काढत न्हाई. काढायची तर तिनं काढावी."

सगळ्यांनी सोनियाकडं पाहिलं. तिनं दोन्ही हात पदरात घेतले. "आई, मी न्हाई काढणार," ती म्हणाली. तिला रडू येत होतं, तरी तिनं वाक्य पुरं केलं.

चंद्राबाई आत गेल्या. उरलेल्या बायांपैकी काही बसल्या, काही उठून गेल्या. येताना गाडीत मुजीब म्हणाला, "संपलं सगळं, अम्मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आधी दुकान हाजराबीनं उघडलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. तिनं आसियाकडून 'माफ करा' पुसून घेतलं. आशीर्वादाचं वाक्यही बदललं. आता मी प्रत्येकीला एकच म्हणते, 'झालं बाई, सुखात ऱ्हा.' मुजीबनं अर्ध्या दुकानात कव्हरं टांगलीच. काही घरांनी आम्हाला बोलवणं सोडलं. सोडू दे. काही बाया, नवरा गेल्यापासून ज्या कधी येत नव्हत्या, त्या मात्र दुपारच्या निवांत वेळी येऊन हात पुढं करू लागल्या.

परवा चंद्राबाई आल्या. टेकल्या, पदरानं तोंड पुसलं. मुजीब कव्हरांच्या आडोशाला अवघडून उभा राहिला.

"माझं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "सोनियाची एक पिचली, भांडी घासताना. तसलीच हिरवी एक द्या."

हाजराबी टिपायला लागली. चंद्राबाई उठल्या नाहीत, वाक्य पुरं करायला धावल्या नाहीत, दुसरीकडं बघितलंही नाही. माझ्याकडं बघत बसून राहिल्या.

"अशी सुटी देत न्हाई. तिला घिऊन या, हात बघून भरीन," मी म्हणाले.

"आणती की," चंद्राबाई म्हणाल्या. "उद्याच आणती."

त्या गेल्यावर मुजीबनं हिरव्या बांगड्यांचे डबे उघडून बघितले. मग म्हणाला, "अम्मी, हिरव्यातला माल संपत आलाय. मागवू का?"

लोकहो, तुमच्या गल्लीत माझ्यासारखी कुणी असेल, तर तिच्या माणसाची कीव करू नका आणि त्याचं वाक्य त्याच्या तोंडातून ओढून घेऊ नका. आम्हाला वेळ लागतो. तो लागणारच, आणि तो तुम्ही द्यायचा आहे. हे मी विनवून सांगत नाही, बजावून सांगतेय.

आता मला सोडा. हाजराबीनं मला मांडीवर घेतलंय, मुजीब समोर ताटकळत उभा आहे आणि ती सावकाश, एकेक अक्षर टिपतेय: "मागव. आन् ती कव्हरं काढ हितनं. बायास्नी बसायला जागा न्हाई."