पहिल्या दाताचे चणे

चणा... तळहातावर एकच चणा होता, रात्रभर पाण्यात भिजून दुपटीने फुगलेला, पांढुरका, आणि त्याच्या टोकाशी ती बारीकशी चोच, जी कोरड्या चण्यालाही असते पण भिजल्यावर अशी काही उठून दिसते की वाटावे, आता ही उघडेल आणि काहीतरी मागेल. सुब्हीने तो अंगठ्याखाली दाबून पाहिला. चणा दबला नाही. निसटून ओट्यावर पडला आणि गडगडत कुकरपाशी जाऊन थांबला.

फुगणे निराळे आणि शिजणे निराळे. चौतीस वर्षे इर्बिद ते अम्मान बस चालवलेल्या माणसाला ही गोष्ट बासष्टाव्या वर्षी, एका शुक्रवारच्या सकाळी, दिवंगत पत्नीच्या ओट्यापाशी उभे राहून उमगावी, याचे त्याला किंचित हसू आले. मग ते हसू आपोआप विरले, कारण कुकर विदादचा होता आणि तिच्या हयातीत त्याने त्याला कधी हात लावला नव्हता. ‘तुम्ही तुमची बस सांभाळा, याच्या वाटेला जाऊ नका, हा तोंडावर उडेल,’ असे ती म्हणत असे. पण कुठल्याशा दुपारी त्याच्याकडे न बघताच तिने हेही सांगितले होते की पाणी अर्ध्यावर, रबर नीट बसवायचे, शिट्टी फिरू लागली की आच बारीक करायची आणि तिथून पंचवीस मिनिटे. तिने ते का सांगितले असेल? आपण आधी जाणार हे तिला ठाऊक होते काय?... त्याने चणे आत ओतले, झाकण फिरवले, काडी ओढली.

वरच्या मजल्यावर त्याचा मुलगा मुनीफ राहत असे, सासऱ्याला काका म्हणणारी सून रनीम, आणि त्यांचा सात महिन्यांचा मुलगा. त्या मुलाला पहिला दात आला होता. दात आला की घरात गहू आणि चणे शिजतात. वर साखर, बडीशेप, बदाम, डाळिंबाचे दाणे घालून ताटल्या भरतात आणि त्या शेजारीपाजारी जातात. त्या पदार्थाला सनूनिय्या म्हणतात. चणा जितका मऊ, तितके पुढचे दात हिरडीतून अलगद वर येतात, असे सगळे मानतात, आणि कडक चणा वाटल्याचे गल्लीत कोणाला आठवत नाही. ताटली हातात देताना मुलाचे नाव घ्यावे लागते, अमक्याचा दात म्हणून, आणि घेणाऱ्याने त्या नावाला आशीर्वाद द्यायचा असतो.

नाव... तेच तर होते सगळे. गेल्या सात महिन्यांत सुब्हीने ते नाव एकदाही उच्चारले नव्हते.

आणि तरीही त्या दाताला पहिला स्पर्श झाला तो त्याच्याच बोटाचा! सोमवारी जिन्यात रनीमच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, किल्ली सापडेना, तेव्हा ‘काका, क्षणभर धरा याला’ म्हणून तिने मूल त्याच्या छातीशी दिले. मुलाने त्याचे बोट ओढून तोंडात घातले, आणि त्या ओल्या, मऊ, निर्हेतुक चावण्यात काहीतरी टोचले. ‘दात!’ तो ओरडला. रनीमच्या पिशवीतली लिंबे जिन्यावरून खाली गेली. ‘काका, तुम्हीच पहिले! आता सनूनिय्या तुमच्याकडे लागली,’ ती हसत म्हणाली होती. आणि त्याने, लिंबे वेचता वेचता, वर न बघता, ‘शुक्रवारी शिजवतो’ असे म्हणून टाकले होते.

शिट्टी थरथरली, एका अंगाला कलली आणि मग गरगर फिरू लागली. त्याने आच बारीक केली, घड्याळ पाहिले. कान मात्र जुन्या सवयीने त्या फुसफुसण्यात शिरला. इंजिन ऐकावे तसा तो कुकर ऐकू लागला, कुठे अडखळते काय, कुठे ओढते काय. चढावर गाडी अशीच एकसुरी बोलत असे. मागे पन्नास माणसे झोपलेली, आणि पुढच्या काचेवर विदादने टांगलेली निळ्या मण्यांची माळ...

पंचवीस मिनिटांनी त्याने आच बंद केली, वाफ आपली आपण जाऊ दिली, झाकण काढले आणि एक चणा दातांखाली घेतला.

कडक. आतून खडूसारखा कडक.

‘अबू मुनीफ! वास तर येतोय, पण माणसाचा आवाज नाही. जिवंत आहेस ना?’ समोरच्या घरातली उम्म वासिफ, म्हणजे वासिफची आई, दारात उभी होती. सत्तरीची, गुडघ्यांनी त्रासलेली आणि जिभेने धडधाकट. ती थेट आत आली, कुकरात डोकावली, एक चणा उचलून पुढच्या दातांनी कुरतडला.

‘हा चणा आहे की खडा? कधीचे रे हे?’

‘विदादच्या डब्यातले.’

विदाद जाऊन दोन वर्षे झाली होती, हे तिला सांगण्याची गरज नव्हती. मग तिने डोक्यावरचा रुमाल नीट केला. ‘जुना चणा हट्टी असतो, तुझ्यासारखा. सोडा घातलास?’

‘नाही.’

‘मीठ?’

‘घातलं... आधीच.’

‘शाब्बास! चौतीस वर्षं माणसं सुखरूप पोचवली म्हणे यानं. ते पाणी ओत, धू, चिमूटभर सोडा टाक, पुन्हा चढव. मीठ सगळ्यांत शेवटी, आणि यात तर नाहीच. गोड करतोयस ना तू?’ ती दारापर्यंत गेली आणि वळली. ‘आणि दात कोणाचा ते सांग. माझ्या घरी ताटली येईल तेव्हा मी कोणाला आशीर्वाद देऊ?’

‘वरच्या मुलाचा.’

‘वरच्या मुलाला नाव नाही?’

त्याने कुकर नळाखाली धरला. पाण्याचा आवाज मोठा होता. उम्म वासिफ ‘ताटली नावासकट आण, नाहीतर आणू नकोस’ असे म्हणून गेली.

त्याने पाणी बदलले, सोडा टाकला, झाकण लावले. दुसऱ्या आचेवर मोठ्या पातेल्यात गहू रटरटत होताच. पुन्हा शिट्टी कलली, फिरली. त्याला बसावेसे वाटले, पण तो उभाच राहिला. मुलगा वडिलांचे नाव पुढे नेतो. थोरल्याच्या थोरल्याचे नाव आजोबाचे असते. माझ्या वडिलांचे नाव मुनीफ होते म्हणून मी मुलाला मुनीफ म्हटले, मला कोणी सांगावे लागले नाही. मग मुनीफचा मुलगा सुब्ही, आणि गल्लीने मुनीफला अबू सुब्ही, म्हणजे सुब्हीचा बाप, म्हणायचे, हे इतके सरळ होते. आणि जन्मानंतर सातव्या दिवशी, कुर्बानीच्या मांसाचे वाटप झाल्यावर, सगळ्यांसमोर मुनीफने जे नाव सांगितले ते दुसरेच होते. सुब्ही ताट सोडून उठला होता. जिन्यात मुनीफने त्याला गाठले तेव्हा सुब्ही म्हणाला होता, ‘त्या नावाचं माझ्या घरात कोणी नाही.’ त्यानंतर बापलेकांत उरले ते विजेचे बिल, पाण्याची टाकी, आणि ईदची गळाभेट, जिच्यात गळा असतो आणि भेट नसते.

‘काका?’ जिन्यावरून रनीमचा आवाज. ‘झाले का चणे? मी येऊ का खाली मदतीला? गहू तरी निवडून देते.’

‘नको, नको. तू कशाला? मी करतो.’

‘बरं, काका.’

आणि तिची पावले वर जाऊ लागली. एक पायरी, दोन... सुब्ही मान वळवून ऐकत राहिला. तो वाट पाहत होता. ती पुन्हा विचारील, म्हणेल, ‘असं कसं, मी येतेच’. तसेच तर विचारायचे असते! कॉफी पुढे केली की पाहुणा नको म्हणतो, पुन्हा केली की पुन्हा नको म्हणतो, आणि तिसऱ्यांदा हात धरून पेला हातात दिला की मगच ओठाला लावतो. एका नकारावर पेला उचलून नेणारे घर कोणते? पावले वरच्या वळणावर पोचली. दार लागले.

शिट्टी फिरत होती.

आणि त्या फुसफुसण्यातून, बोगद्यातून बस बाहेर यावी तशी, ती संध्याकाळ पुढे आली. रनीमला आठवा महिना होता. याच स्वयंपाकघरात, याच टेबलापाशी, मरमिय्याच्या पानांचा चहा. मुनीफने पेला दोन्ही हातांत धरला होता. ‘बाबा, मुलगा झाला तर सुब्हीच ठेवायचं. ठरलंय आमचं.’ आणि मी... मी काय म्हणालो? ‘छे, छे! माझं नाव कशाला? म्हाताऱ्याचं नाव. शाळेत पोरं हसतील त्याला. तुमच्या आवडीचं ठेवा.’ आणि मी वाट पाहत होतो. हृदय बसच्या चाकासारखे फिरत होते आणि मी तोंडाने पेल्यावर फुंकर घालीत होतो. विदाद असती तर तिने टेबलाखालून माझा पाय दाबला असता आणि मुलाला म्हटले असते, ‘ऐकू नकोस यांचं, यांना तेच हवंय.’ माझ्या नकारांचा अर्थ लावणारे माणूस गेले होते, आणि माझ्या ते ध्यानातही आले नव्हते.

इथपर्यंत त्याला नेहमी आठवत असे. इथपर्यंत आठवून तो नेहमी म्हणत असे: पुन्हा विचारले नाही त्याने. एका नकारावर उठला.

पण आज, पायऱ्यांवरची ती पावले कानात असताना, संध्याकाळ तिथे थांबली नाही. मुनीफ उठला नव्हता. त्याने पेला खाली ठेवला होता, आणि थोड्या वेळाने, खालच्या आवाजात विचारले होते, ‘खरंच, बाबा?’

खरंच, बाबा... तो आवाज. लहानपणी बसच्या पायरीवर उभे राहून ‘आज मला नाही नेणार? खरंच?’ असे विचारणारा. ते दुसऱ्यांदा विचारणेच होते. मुनीफ सुटका झाल्यासारखा उठला असे मी सात महिने समजत आलो, आणि तिथे तर... बापाने आपले नाव आपल्याला दिले नाही, असे त्याला वाटले असेल काय? की मी नाकारले ते नाव नव्हते, तो होता? आणि मी पेल्यात बघत म्हणालो होतो, ‘खरंच.’ एवढा एकच शब्द. त्याने हात पुढे केला होता आणि मी बस पुढे काढली होती.

बराच वेळ तो ओट्याची कड धरून उभा राहिला. घड्याळाकडे बघायचे राहूनच गेले. मग आच बंद केली, आणि वाफ हळूहळू, दमलेल्या माणसाने श्वास सोडावा तशी, गेली.

झाकण निघाले. काही चण्यांची साले सुटून वर तरंगत होती. त्याने एक चणा घेतला, दोन बोटांत धरला. आणि दाब द्यायच्या आतच तो लोण्यासारखा पसरला. दोन वर्षे डब्यात राहिलेला, एकदा मिठाने आखडलेला, तोच चणा. चोच तेवढी बोटाला लागली, आणि त्याला जिन्यातला तो टोचरा, ओला दात आठवला.

त्याने चणा तोंडात टाकला. चावावा लागला नाही.

‘ऐहम,’ तो कुकराला म्हणाला. त्याने घसा साफ केला. ‘ऐहम.’ नातवाचे नाव वाईट नव्हते. दारात उभे राहून, समोर माणूस असताना, ते असेच निघेल की नाही हे त्याला सांगता आले नसते.

जिन्यात पावले वाजली. रनीमची नव्हेत; जड, दर दुसऱ्या पायरीवर रेंगाळणारी. ती दारापाशी येऊन थांबली, आणि दार ढकलले गेले नाही, त्यावर एकदा, अनोळखी घरावर वाजवावे तसे, बोट वाजले.

‘बाबा, पातेलं जड असेल. वर न्यायला हात लावू का?’

‘नको’ हा शब्द जन्मभराच्या सवयीने आधीच निघाला होता. तो जिभेच्या टोकापर्यंत आलाही. तिथे अजून चण्याची ऊब होती. सुब्ही तसाच उभा राहिला, ओठ किंचित उघडे ठेवून, आणि दारापलीकडच्या शांततेत त्याला पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आले की तिकडेही कोणीतरी श्वास धरून, पुन्हा विचारावे की नाही याचा विचार करीत, वाट पाहत आहे.