बंधाऱ्यावर मोडलेली गळाची काठी

मित्रांनो, मी एक गळाची काठी आहे. माझं वय फार नाही, पण अंगाकडे पाहाल तर जुनीच म्हणाल. माझा शेंडा नाहीसा झाला आहे, दोरी ओवायच्या कड्या सुताने बांधलेल्या आहेत, आणि मुठीवर एक काळपट डाग आहे. तो रक्ताचा आहे. माशाच्या नव्हे, माणसाच्या.

काचेच्या धाग्यांना चिकात भिजवून, साच्यावर गुंडाळून, भट्टीत भाजून मला घडवलं. ते फारसं आठवत नाही. आठवतं ते कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीमधलं दुकान. तिथे मी छत्र्या आणि नायलॉनच्या दोरांच्या मधे टांगलेली होते. एका दुपारी कृष्णात आला. त्याने मला हातात घेतलं, शेंडा जमिनीला टेकवून वाकवलं आणि सोडलं. मी सपकन सरळ झाले. तो हसला आणि मला घरी घेऊन गेला.

कृष्णात कबनूरच्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहे. बिघडलेले माग चालू करून देणं हे त्याचं काम. दिवसभर तो धडधडाटात उभा असतो. घरी आल्यावरही तो ओरडूनच बोलतो, कारण त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. त्याची बायको मोना मला पाहून म्हणाली, "आता ह्ये काय नवीन?"

"गळ हाय. सुट्टीला नदीवर जाऊन बसणार. एक दिस तरी कान गप ऱ्हाऊ देत."

असं शांततेसाठी मला विकत घेतलं गेलं. मित्रांनो, हे ऐकून तुम्हाला वाटेल की मी फार सौम्य वस्तू आहे. तसं नाही. माझ्या दोरीच्या टोकाला लोखंडी आकडी असते. ती माशाच्या ओठातून आरपार जाते. मासा जिवाच्या आकांताने ओढतो आणि त्याची प्रत्येक ओढ माझ्या अंगातून जाते. कोणाचं मरण किती जड असतं, ते मला आधी कळतं आणि माझ्या धन्याला नंतर.

माझी पहिली परीक्षा झाली ती वस्तीमागच्या ओढ्यावर. कापड रंगवायच्या कारखान्यांमुळे त्या ओढ्याचं पाणी सकाळी जांभळं असे, दुपारी काळं. तिथे मला एक मांगूर लागला. मिशांचा, हाताएवढा, गाळात लोळणारा. कृष्णातने त्याला दगडावर आपटलं. तो मेला नाही. पुन्हा आपटलं. मोनाने त्याचं पोट फाडलं तेव्हा घरभर असा वास सुटला की शेजारचे लोक दार उघडून बाहेर आले.

"ह्यो मासा न्हवं, रॉकेल हाय," मोना म्हणाली आणि तिने तो उकिरड्यावर फेकला. त्याला कुत्र्यानेही तोंड लावलं नाही. एक जीव गेला आणि कोणाच्याच पोटात गेला नाही.

मग मोनाच्या माहेरी, मुरगूडला गेलो. तिथल्या नदीच्या काठाला, लव्हाळ्यात, पाण्यावर शेंदरी पुंजका दिसत होता. कृष्णातने त्यात गळ टाकला. खालून एक मरळ उसळली आणि तिने आमिषावर झडप घातली. ती भुकेने आली नव्हती. तो शेंदरी पुंजका तिच्या पिल्लांचा होता आणि ती राखण करत होती. तिने मला इतकं वाकवलं की मला वाटलं मी आता फुटणार. कृष्णातने तिला काठावर ओढून तिच्या डोक्यात दगड घातला. तेवढ्यात पाण्यात खळबळ झाली. दुसरे मासे आले आणि त्यांनी तो पुंजका गिळून टाकला. थोड्या वेळाने पाणी स्वच्छ दिसू लागलं.

मोनाचे वडील मागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, "पावणं, पिल्लांवरची मरळ मारू नये."

त्या रात्री कृष्णात जेवला नाही. तेव्हापासून तो पाण्याकडे आधी नीट पाहायचा आणि मगच मला उचलायचा.

शेवटी आम्हाला आमची जागा मिळाली. कुरुंदवाडच्या अलीकडे एक बंधारा आहे. खांबांच्या मधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे जाड लाकडी फळ्या, बसवून पाणी अडवलेलं असतं. वरच्या अंगाला खोल डोह. तिथे बनाबाई मासे धरायची. गुऱ्हाळातली एक जुनी लोखंडी काहील, ज्यात पूर्वी गूळ शिजायचा, तीच तिची होडी होती. त्या गोल काहिलीत बसून ती वल्हं मारत जाळी टाकायची. नवरा गेल्यापासून तिचं पोट त्या डोहावरच होतं.

तिने मला हातात घेऊन पाहिलं. "बरी हाय काठी," ती म्हणाली. "पर दोर जाड घाल. हितलं कटलं मासं न्हाईतर तोडून घिऊन जात्यालं." तिच्या सांगण्यावरून कृष्णातने माझ्यात जाड, विणलेली दोरी भरली. मित्रांनो, माझं जेवढं कौतुक झालं ते त्या दिवसांत झालं. बंधाऱ्यावरून जाणारे लोक सायकली थांबवून मला पाहायचे.

मग सम्राट आला. तो बनाबाईच्या दिराचा मुलगा. आईबाप लवकर गेल्यामुळे तो काही वर्षं तिच्याच घरी वाढला होता. आता तो दोन सोबत्यांना घेऊन मोटारसायकलवर फिरायचा आणि नदीत तोटा टाकायचा. तोटा म्हणजे खाणीत दगड फोडायचा सुरुंग.

त्या सकाळी बनाबाईची जाळी पाण्यातच होती. सम्राटने तिला बाजूला हो म्हणूनसुद्धा सांगितलं नाही. डोहातून पाण्याचा खांब उठला. बंधारा हादरला. कृष्णातने दोन्ही कानांवर हात ठेवले. मग मासे वर आले. मोठे, छोटे, बोटाएवढे, नखाएवढे, सगळे पोट वर करून. काहींचे डोळे बाहेर आले होते. सम्राटच्या सोबत्यांनी मोठे तेवढे गोळा केले. बाकीचे तसेच तरंगत राहिले. बनाबाईच्या जाळ्यांच्या चिंध्या झाल्या होत्या.

कृष्णात खाली उतरला. "आरं, बारकं कशाला मारलंस? तू न्हेणार हाईस काय ती?"

"पावणं, तू कुठला?"

"कबनूरचा."

"मग कबनूरच्या गटारीत बस जा की."

"हिची जाळी फाडलीस. ती भरून दे आन् जा."

सम्राटने मला कृष्णातच्या हातातून हिसकलं आणि माझ्यानेच त्याला मारायला सुरुवात केली. तोंडावर, मानेवर, पाठीवर. मित्रांनो, ज्या माणसाने मला प्रेमाने वाकवून पाहिलं होतं, त्याच माणसाच्या कातडीवर मी वळ उठवत होते आणि मला थांबता येत नव्हतं. त्याचा ओठ फाटला. माझ्या कड्या तुटून उडाल्या. बनाबाईने मधे पडून सम्राटच्या खांद्यात वल्हं घातलं, तेव्हा त्याने तिला छातीवर हात देऊन चिखलात ढकललं आणि तो निघून गेला.

घरी मोनाने कृष्णातच्या ओठावर हळद दाबली. "नदी काय एकच हाय व्हय? दुसरीकडं बस."

"ती म्हातारी दुसरीकडं कुठं जाणार?" कृष्णात म्हणाला. त्याने कारखान्यातून सूत आणलं आणि माझ्या कड्या एकेक करून बांधल्या. पुढच्या सुट्टीला आम्ही पुन्हा बंधाऱ्यावर होतो.

सम्राटही होता. तो वरच्या अंगाला खडकावर उभा होता. आम्हाला पाहून त्याने मुद्दाम तोटा उंच धरून दाखवला. वात पेटलेली होती. तो काहीतरी ओरडला. ते शब्द आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत, कारण तोटा त्याच्या हातातच फुटला.

धूर विरला तेव्हा खडकावर कोणी नव्हतं. त्याचे सोबती मोटारसायकल चालू करून पळाले होते. सम्राट डोहात होता. त्याच्या उजव्या मनगटापुढे काही उरलं नव्हतं आणि त्याच्याभोवती पाणी लाल होत होतं. बंधाऱ्याच्या एका गाळ्यातला वरचा बरगा आधीच्या स्फोटातच तुटला होता. तिथून पाणी जोरात खाली कोसळत होतं आणि ते सम्राटला तिकडेच ओढत होतं. गाळ्यात अडकला असता तर तो पाण्याखाली चेपून मेला असता.

कृष्णातला पोहता येत नाही. बनाबाई समोरच्या काठाजवळ काहिलीत होती.

"अक्का, ये लवकर," कृष्णात ओरडला.

बनाबाईने पाहिलं. वल्हं तिच्या मांडीवर होतं. ती हलली नाही.

तेव्हा कृष्णातने मला उचललं. पहिल्यांदा दोरी सम्राटच्या डोक्यावरून पलीकडे पडली. त्याने ती गरगर गुंडाळली आणि पुन्हा फेकली. आकडी सम्राटच्या खांद्यात घुसली. तो किंचाळला. कृष्णातने मला झटका दिला आणि ती आणखी खोल, मांसात रुतली. आजवर मी माशांची वजनं पेलली होती. माणसाचं वजन मला ठाऊक नव्हतं. मी वाकत गेले, वाकत गेले आणि मधोमध फुटले.

माझा शेंडा दोरीवरून घसरून पाण्यात गेला. कृष्णातने मला काखेत दाबलं आणि नुसती दोरी तळहातावर गुंडाळून धरली. ती त्याच्या हातात कापत गेली. रक्त माझ्या मुठीवर ओघळलं. त्याने दोरी सोडली नाही. तो ओरडतही नव्हता.

मग वल्ह्याचा आवाज आला. बनाबाईने काहील सम्राटला लावली, त्याच्या केसांना धरून त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवलं आणि लुगड्याचा काठ फाडून त्याचं कोपर आवळलं. "काकू, सोडू नगंस," तो पुटपुटला. तिने त्याला काठावर आणलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या खांद्यातली आकडी कापून काढली. हात मात्र गेलाच. कृष्णातच्या तळहाताला टाके पडले आणि बरेच दिवस त्याला पाना धरता आला नाही. एके दिवशी बनाबाई त्याला भेटायला कबनूरला आली. जाताना म्हणाली, "माझ्या मनात आलतं बग, जाऊ दे म्हणून."

"मग का आलीस?"

"तू धरला हुतास की. तुझा हात तुटत हुता."

मी मात्र विसरले गेले. कारखान्याच्या कोपऱ्यात, मागाच्या मोडक्या धोट्यांच्या ढिगावर पडून होते. कोणी माझ्याने जळमटं काढली. एकदा कोणी शेवग्याच्या शेंगा पाडल्या. पाऊसकाळ गेला. दसरा गेला. मग एका सकाळी सम्राट कारखान्याच्या दारात उभा राहिला. उजवी बाही पिनेने दुमडलेली होती.

"खांदा अजून दुखतोय," तो म्हणाला.

"दुखू दे," कृष्णात म्हणाला.

कृष्णातने हातातला पाना खाली ठेवला. मग सम्राट म्हणाला, "एका हातानं गळ टाकता येतोय काय?"

कृष्णातने मला ढिगावरून उचललं. माझी फुटलेली कड तासली, टोकाला नवी कडी बांधली. मी आता आखूड झाले आहे, पण एका हाताला पेलते. त्याच सुट्टीला आम्ही बंधाऱ्यावर गेलो. मी सम्राटच्या डाव्या हातात होते. त्या हाताला माझी सवय नव्हती.

मित्रांनो, माझं काम मारण्याचं आहे, ते मी लपवत नाही. पण मी एक मासा घेते आणि मागे नदी ठेवते. तुम्ही कधी पाण्याकाठी गेलात तर तेवढं सांभाळा. जे न्यायचं नाही ते मारू नका. मोडलेली काठी सुताने बांधता येते. डोह बांधायला कोणाकडेही सूत नाही.

त्या दिवशी दुपार टळून गेली तरी दोरीला एकही ओढ आली नाही. डोह रिकामा होता. सम्राट खाली मान घालून बसला होता. बनाबाई काहिलीतून जवळून गेली. जाळं नवीन होतं आणि तेही रिकामंच होतं.

"काकू, मासंच न्हाईत की," सम्राट म्हणाला.

तिने वल्हं थांबवलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

"येत्यालं," ती म्हणाली. "तवर गप बस."