पाठीवरच्या तारखा

मी औषधाची एक जुनी चिठ्ठी आहे, मित्रांनो. माझा कागद पिवळा पडला आहे, घड्या विरल्या आहेत आणि मागून खळीने चिकटवलेली पातळ कापडाची पट्टी नसती तर माझे केव्हाच चार तुकडे झाले असते. माझ्यासारख्या चिठ्ठ्यांचे आयुष्य फार थोडे असते. सकाळी डॉक्टरांनी लिहावे, दुपारी औषधवाल्याने वाचावे आणि संध्याकाळी दुकानातल्या लोखंडी तारेला टोचून टाकावे. मी मात्र चार वर्षे टिकले. ज्या आजारासाठी माझा जन्म झाला तो आजारच तितका लांबला, म्हणून मीही टिकले.

परळच्या एका मोठ्या इस्पितळातल्या टेबलावर, शंभर कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात मी होते. एकोणीसशे पंचावन्न सालच्या फेब्रुवारी महिन्यात डॉक्टरबाईंनी मला गठ्ठ्यातून फाडले आणि निळ्या शाईने माझ्यावर मराठीत नाव लिहिले : तुळसा काळुराम भोईर, वय चौतीस, राहणार कळवा.

तुळसा समोरच बसली होती. कळव्याच्या मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहणारी, हाडापेराने मजबूत बाई. पण सहा महिन्यांत तिचा चेहरा पांढुरका पडला होता. डाव्या बरगडीखाली पोट टणक होऊन फुगले होते. गावातल्या बायकांना वाटले, हिला दिवस गेले. तिलाही क्षणभर तसेच वाटले होते. मग ठाण्याच्या डॉक्टरांनी पोट चाचपले, रक्त तपासले आणि तिला परळला धाडले.

डॉक्टरबाई तिच्या नवऱ्याला, काळुरामला, म्हणाल्या, "हा रक्ताचा कॅन्सर आहे. मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही. पण आता विलायतेहून एक गोळी येते. रोज घेतली तर आजार आवरून धरता येतो."

"किती दिस घ्याची, बाई?" काळुरामने विचारले.

"घेतच राहायची. दर महिन्याला ही चिठ्ठी दाखवून तीस गोळ्या आणायच्या, आणि दोन महिन्यांनी रक्त तपासायला इथे यायचं. गोळी जास्त झाली तरी धोका, कमी झाली तरी धोका."

काळुरामने मला दोन्ही हातांनी घेतले आणि कपाळाला लावले. त्याला लिहितावाचता येत नव्हते. घरात कोणालाच येत नव्हते.

ठाण्याच्या बाजारपेठेत गुरुदत्तशेटचे औषधाचे दुकान होते. त्यांनी मला चष्म्याजवळ नेऊन दोनदा वाचले. ही गोळी त्यांच्याकडे कधी कोणी मागितली नव्हती. त्यांनी माणूस धाडून ती मुंबईहून मागवली. चौथ्या दिवशी काळुराम खाडीवरचा पूल ओलांडून पुन्हा आला, तेव्हा गुरुदत्तशेटनी तीस गोळ्या मोजून बाटलीत भरल्या, मला पालथे केले आणि माझ्या पाठीवर दुकानाचा शिक्का मारून तारीख घातली. गोळ्यांचा दाम ऐकून काळुरामने कनवटीचे पैसे दोनदा मोजले. महिन्याच्या मजुरीतला जवळजवळ निम्मा पैसा त्या बाटलीत जाणार होता.

तरीही सुरुवातीचे दिवस आनंदाचे होते. मीठ पिकण्याचा हंगाम होता, हाताला काम होते. एप्रिलात घरची म्हैस विकली गेली, पण तुळसाचे पोटही उतरले. मे महिन्यात ती स्वतः विहिरीवरून पाणी भरू लागली. रक्त तपासून डॉक्टरबाईही हसल्या. शेजारपाजारच्या बायका मला पाहायला येत. "हीच ती चिठ्ठी काय गो?" असे म्हणून हात लावत. एका म्हातारीने तर मला हळदकुंकू वाहिले. तो लाल डाग अजून माझ्या कोपऱ्यात आहे. मित्रांनो, मी फुशारून गेले होते. मला वाटले, आपण जिंकलो.

मग पावसाळा आला आणि मिठागरे बंद झाली. पावसात मीठ पिकत नाही, म्हणून मिठागरातल्या माणसांना चार महिने मजुरी नसते. काळुराम टिटवाळ्याकडे दुसऱ्याच्या शेतात आवणीला, भाताची रोपे लावायला, गेला. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा, चिखलाने कुजलेले पाय तेलाने चोळायचा, हाती आलेले पैसे तुळसाच्या पुढ्यात ठेवायचा आणि विचारायचा, "गोल्या हायेत ना? आनू काय?"

"हायेत अजून," तुळसा म्हणायची. "संपल्या का सांगन मी."

बाटली तिच्याच ताब्यात होती. मीही तिच्याच पत्र्याच्या डब्यात, त्या बाटलीला टेकून राहत होते. म्हणून जे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते, ते मला ठाऊक होते. ती रोज सकाळी डबा उघडायची. एका दिवशी गोळी घ्यायची. दुसऱ्या दिवशी बाटली हातात धरून नुसती हलवायची, आत किती उरल्या ते बघायची आणि तशीच परत ठेवायची. ऑगस्टात रक्त तपासायला जायचे होते, तेही तिने टाळले. "मना बरा वाटतंय, उगाच गाडीभाडा कशाला?" असे तिने नवऱ्याला सांगितले.

माझ्या पाठीवर सगळे लिहिलेले होते. पाच जुलैच्या शिक्क्याखाली पुढचा शिक्का बावीस ऑगस्टचा होता. पण ते वाचणार कोण? कागदाला तोंड नसते याचे दुःख मला तेव्हा कळले.

पंधरा ऑक्टोबरला काळुराम पुन्हा दुकानात उभा राहिला. गुरुदत्तशेटनी सवयीने मला पालथे केले, शिक्का उचलला आणि त्यांचा हात वरच थांबला. ते बोटांवर काहीतरी मोजू लागले.

"काळुराम, तीस गोळ्या किती दिवसांच्या?"

"तीस दिसांच्या, शेट."

"पाच जुलैला नेल्यात. मग बावीस ऑगस्टला. आज पंधरा ऑक्टोबर. शंभरावर दिवस झाले आणि गोळ्या गेल्या साठ. बाकीच्या दिवशी काय घेतलं त्यांनी?"

काळुराम पुढे वाकला. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला नुसत्या निळ्या-जांभळ्या डागांसारखी दिसत असणार.

"मी घरी नवतू, शेट," तो म्हणाला. "ती बोलते, गोल्या हायेत. मना वाटला, हायेत."

गुरुदत्तशेटनी शिक्का खाली ठेवला. "माझीही चूक आहे. ऑगस्टमध्ये शिक्का मारला, तेव्हा वरची तारीख मी बघायला हवी होती. गर्दी होती, नाही बघितली." मग हळू आवाजात ते म्हणाले, "घरी जा आणि आधी विचारा. रागावू नका. आणि उद्याच परळला घेऊन जा."

काळुराम घरी पोचला तेव्हा तुळसा अंगणात सुका जवळा निवडत बसली होती. त्याने मला तिच्यासमोर सुपावर ठेवले.

"तुलसे, गोली रोज घेतस?"

तिने मान वर केली नाही. "कोनी सांगितला?"

"हिच्या पाठीवर लिवलाय सगला. शेटनी वाचून दाखवला."

तुळसाने जवळ्यातून हात काढला आणि पदराला पुसला. "एक दिस गोली, एक दिस उपास," ती म्हणाली. "मना बरा वाटत व्हता. मंग रोज इतका पैसा कशाला गिलायचा? तुमचे पाय बघवत नाय मना. म्हस गेली. आता उद्या काय विकाल?"

"तो मी बघन ना!"

"तुमी बघाल, आन शकू काय खाईल?"

शकू ही त्यांची आठ वर्षांची एकुलती एक मुलगी. आईचे नि बापाचे चढलेले आवाज ऐकून ती दारात येऊन उभी राहिली होती. तिला पाहून दोघांनीही आवाज उतरवले. काळुराम बायकोजवळ उकिडवा बसला. "पोट दाखव," तो म्हणाला. तुळसाने त्याचा हात धरून डाव्या बरगडीखाली ठेवला. तिथली टणक गाठ परत आली होती. तो भला मोठा माणूस तिथेच, जवळ्याच्या सुपाशेजारी, ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी परळला पुन्हा रक्त तपासले गेले. आजार वर उसळला होता. मला वाटले, डॉक्टरबाई आता रागावतील. पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची तुळसाजवळ ओढली.

"गोळी परवडत नाही, हे मला का नाही सांगितलंत?"

"डाक्टरला पैशाचा काय सांगायचा, बाई?" तुळसा म्हणाली.

"तेही सांगायचं. पोटात दुखतं ते जसं सांगता, तसंच. औषध घरात पोचलं नाही, तर मी लिहून उपयोग काय?"

त्या दिवशी माझ्या अंगावर लाल शाईने नवी मात्रा लिहिली गेली. काही आठवडे दिवसाला दोन गोळ्या, मग पुन्हा एक. इस्पितळात गरजू रोग्यांची चौकशी करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी घरची सगळी हकिगत विचारून घेतली आणि महिन्याच्या निम्म्या गोळ्या धर्मादाय निधीतून मिळतील अशी सोय केली. उरलेल्या निम्म्यांसाठी गुरुदत्तशेटनी आपणहून मार्ग काढला. ते मुंबईहून शंभर गोळ्यांची बाटली आणू लागले, कारण ती एकत्र घेतली की स्वस्त पडे. त्यावर नफा न घेता ते काळुरामला आठवड्याच्या आठवड्याला गोळ्या देत. महिन्याचा दाम एकदम काढणे त्याला जड जाई, आठवड्याचा जमे. माझी पाठ शिक्क्यांनी भरली, तेव्हा त्यांनी खाली एक कोरा कागद जोडला आणि घड्यांवर कापड चिकटवले.

आणखी एक गोष्ट घडली. तुळसाने नवऱ्याजवळ हट्ट धरला. "शकूला शालेत घाल. घरात कोनाला तरी वाचता आला पायजे."

शकू कळव्याच्या शाळेत जाऊ लागली. आधी तिला आकडे आले. ती मला मांडीवर पसरून पाठीवरच्या तारखांवरून बोट फिरवी आणि मोठ्याने वाची. रोज सकाळी आईसमोर बाटली धरून विचारी, "आये, आजची गोली?" तुळसा ती जिभेवर ठेवी आणि रिकामे तोंड उघडून लेकीला दाखवी. मग दोघी हसत. वर्षभरात शकूने माझ्यावरचे आईचे नावही वाचले. तुळसाने तिच्याकडून ते चार वेळा वाचून घेतले. आपले नाव कागदावर असे दिसते, हे तिला तेव्हाच कळले.

तीन वर्षे गेली. त्यांत तुळसाने दोन हंगाम मिठागरात हलके काम केले, नणंदेच्या लग्नात धवल्यांची गाणी गायली, शकूच्या केसांना रोज तेल लावले. मित्रांनो, ही काही मोठी कामे नव्हेत. पण ती तिला करायची होती आणि तिने ती केली.

अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर गोळी लागू पडेनाशी झाली. यात तुळसाची काहीच चूक नव्हती. एकही दिवस चुकला नव्हता. डॉक्टरबाईंनी ते तिला स्वतः सांगितले, कारण तिने तसे विचारले होते. "तुम्ही सगळं नीट केलंत," त्या म्हणाल्या. "आता औषधच थकलं." तुळसा हे ऐकून शांत झाली. एकोणसाठच्या माघात, घरच्या ओटीवर, शकूचा हात हातात असताना ती गेली.

पंधराव्या दिवशी काळुराम मला आणि बाटली घेऊन पूल ओलांडून आला. बाटलीत पाच गोळ्या उरल्या होत्या.

"शेट, कोनाला लागत असतील तर द्या. फुकट द्या."

गुरुदत्तशेटनी गोळ्या पुडीत बांधल्या. कल्याणचे एक मास्तर त्यांच्याकडून हीच गोळी नेत असत. पुडीवर त्यांनी मास्तरांचे नाव लिहिले. मग त्यांचा हात माझ्याकडे आला. संपलेली चिठ्ठी तारेला टोचायची, हा दुकानाचा नियम होता.

"ती नको, शेट," काळुराम पटकन म्हणाला. "मना वाचता येत नाय. पन जवर तारखा हायेत ना हिच्यावर, तवर तुलसा माझे घरान व्हती."

गुरुदत्तशेटनी मला जपून घडी घातली आणि त्याच्या हाती परत दिले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी रोज औषध घेत असेल. कधी जाऊन त्या बाटलीत डोकावा. चिठ्ठी वाचा, तारखा मोजा. आणि गोळ्या उरायला नको तेव्हा उरलेल्या दिसल्या, तर रागावू नका. आपल्या माणसाच्या जवळ बसा आणि विचारा, "का नाही घेतलीस?"