मध्यंतरातली वाट

आमचे बाबा दातांचे डॉक्टर होते आणि महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचे निस्सीम भक्त होते. या दोन निष्ठांत विरोध उभा राहिला की दात हरत. सामन्याच्या दुपारी दवाखान्याच्या दाराला पाटी लटकलेली असे : ‘डॉक्टर मैदानावर आहेत. ठणका असह्य असल्यास तेथे यावे.’ आणि लोक खरोखरच येत. पायऱ्यांवर बसल्या बसल्या एखाद्या गृहस्थाचा जबडा उन्हाकडे वळवून, एक डोळा चेंडूवर ठेवून, बाबा आत डोकावत आणि सांगत, “उद्या या. आज तुमच्यापेक्षा आमच्या बचावफळीत जास्त भगदाडं आहेत.” हसतील त्यांचे दात दिसतील, ही म्हण त्यांना उपदेश म्हणून नव्हे, व्यवसायाचे धोरण म्हणून मान्य होती.

तारुण्यात तेही त्याच संघात होते; म्हणजे राखीव होते. गणवेश घालून कडेच्या बाकावर बसण्यात त्यांची सारी कारकीर्द सरली. त्याचे शल्य मात्र त्यांच्या बोलण्यात कधी उमटले नाही. सत्तरी उलटल्यावरही सामन्याला निघताना ते आईकडे पायमोजे मागत. “आज बोलावतील असं वाटतंय,” म्हणत. मी लहानपणी मैदानावरही शब्दांची रूपे घोकत बसे, म्हणून त्यांनी माझे नाव ‘पंडित’ ठेवले होते. “पंडित, चेंडूला विभक्ती लागत नाही, लाथ लागते,” असे म्हणून ते माझे पुस्तक मिटवीत आणि माझी मान हळूच मैदानाकडे वळवीत.

आमच्या घराचा एक नियम होता, जो अन्य कोणत्याही घरात मी पाहिला नाही. आपला संघ ज्या गोलावर चढाई करणार, त्या गोलामागेच बसायचे. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. तेव्हा आमचे कुटुंबही बाजू बदले. उशा, छत्री, पाण्याच्या बाटल्या उचलून आम्ही मैदानाच्या कडेच्या कठड्यालगत चालत दुसऱ्या टोकाला जात असू. लोक हसत. बाबांचे उत्तर ठरलेले होते : “माणूस आपल्याकडे येताना बघावा. पाठ बघायला कशाला यायचं?”

या वाटचालीला दंडही होता. जो शेवटी पोहोचेल त्याने सर्वांना चहा पाजायचा. मी आणि धाकटी बहीण धूम ठोकत असू. आईचा उजवा गुडघा लहानपणच्या एका पडण्यामुळे कायमचा अधू होता. ती सावकाश येई आणि बाबा तिच्याबरोबर. बरोबर मधल्या रेषेपाशी आले की बाबांच्या बुटाची नाडी सुटे. ते खाली वाकत आणि बराच वेळ वाकलेलेच राहत. आई कठड्यावर हात टेकून मैदान न्याहाळत उभी असे. मग ती पुढे निघे, बाबा तिच्यामागून येत आणि दंड निरपवादपणे त्यांच्यावर बसे.

गंमत अशी, की बाबा जन्मभर पंपशू वापरीत. धाकटीने एकदा विचारलेही होते, की पंपशूला नाडी कुठली? बाबा गंभीरपणे म्हणाले होते, “म्हणून तर वेळ लागतो. आधी शोधावी लागते.” आम्ही पोट धरून हसलो होतो. बाबांच्या असंख्य खोड्यांपैकीच ती एक, असे आम्ही धरून चाललो.

गेल्या वर्षी बाबा गेले. रुग्णालयातल्या शेवटच्या दिवसांत त्यांनी परिचारिकेला सांगून आपली खाट फिरवून घेतली होती, दार समोर दिसेल अशी. आम्ही दारात दिसलो की ते पांघरुणाखालून पाय हलवीत, जणू कुणी त्यांना मैदानात उतरायला सांगितले होते.

त्यानंतर आई घराबाहेर पडली नव्हती. यंदाच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी सकाळी मात्र तिने आपण येणार असल्याचे जाहीर केले. आता तिचे दोन्ही गुडघे झिजले होते आणि घरापुरतेच चालायची परवानगी होती. धाकटीने शेजाऱ्यांकडून चाकांची खुर्ची आणली. आईने ती गाडीत ठेवू दिली, पण मैदानावर पोहोचल्यावर तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

“मला मध्यंतरात चालत पलीकडे जायचंय,” ती म्हणाली. “ह्यांची वाट आहे ती. तिच्यावरून मला कुणी ढकलत न्यायचं नाही.”

धाकटीने तोड सुचवली, की मधल्या रेषेपाशीच बसावे, म्हणजे दोन्ही गोल दिसतील आणि उठायला नको.

“मध्ये बसायला मी काय पंच आहे?” आई म्हणाली.

पूर्वार्ध आम्ही गोलामागे बसून पाहिला. धाकटीने सवयीने चार उशा आणल्या होत्या. चौथी आईने आपल्या शेजारी मांडली, तिच्यावरची धूळ झटकली आणि तिथे कुणाला बसू दिले नाही. मध्यंतराची शिट्टी झाली. धाकटी उशा घेऊन पुढे गेली. आई उठली, एक हात कठड्यावर आणि दुसरा माझ्या मनगटावर ठेवून चालू लागली.

आरंभी ती बोलत होती. उजवीकडचा खेळाडू अंगाने बारीक आहे, त्याला घरी नीट जेवायला घालत नसावेत, असे तिचे मत होते. पुढे शब्द विरळ झाले. मधल्या रेषेजवळ तिचा श्वास मला ऐकू येऊ लागला आणि माझ्या मनगटावर तिचा भार वाढला. मागे, धाकटीने गाडीतून उतरवून ठेवलेली चाकांची खुर्ची उन्हात उभी होती. ‘बसतेस का?’ हा प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला होता. तो मी उच्चारला असता, तर आई बसली असती आणि ही वाट तिच्यापुरती तिथेच संपली असती. पुन्हा तिने मैदानाचे नावही घेतले नसते.

मी खाली वाकलो.

माझ्या पायांत साध्या चपला होत्या. त्यांच्याकडे पाहत मी बसून राहिलो, आणि मला बाबांचे वाकलेले रूप दिसले : रुंद पाठ, विरळ केस, आणि काहीही नसलेल्या जागी मोठ्या निष्ठेने फिरणारी ती बोटे. वर आईचा श्वास हळूहळू शांत होत होता.

“काय करतोयस?” तिने विचारले.

“नाडी सुटली.”

तिने दोन्ही हात कठड्यावर टेकले. मग म्हणाली, “बांध सावकाश. ह्यांनाही वेळ लागायचा.”

“तुला ठाऊक होतं?”

“न कळायला काय झालं?” ती मैदानाकडे पाहतच बोलत होती. “पण मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर थांबायला त्यांना दुसरं निमित्त शोधावं लागलं असतं.”

उत्तरार्धाची शिट्टी झाली. माझ्या मनगटाचा आधार न घेता, कठडा धरून आई पुढे निघाली. मला लगेच उठवेना. चपलांवर दोन थेंब पडले होते. ते पुसायला जेवढा वेळ लागला, तेवढा मी घेतला.

बऱ्याच वेळाने मान वर केली तेव्हा आई दुसऱ्या टोकाला पोहोचली होती. धाकटीने तिला बसते केले. आईने चौथी उशी मागून घेऊन शेजारी मांडली, पदर सावरला आणि ती मला येताना पाहू लागली.

“दंड तुझा, पंडित,” मी हाकेच्या अंतरावर येताच ती म्हणाली. त्या नावाने तिने मला पूर्वी कधी हाक मारली नव्हती.

आमचा संघ आमच्या दिशेने धावत येत होता. पायऱ्यांवरचे सारे लोक उठून उभे राहिले. आई मात्र मैदानाकडे पाहत नव्हती. मी तिच्याजवळ येऊन पोहोचलो, तरी तिची नजर माझ्या मागे, कठड्यालगतच्या त्या वाटेवरच खिळून होती. अजून एकजण यायचा राहिला असावा तशी.