मधलं नाव

शहराच्या छावणी भागातल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या खोलीत विशाखाचं ऑफिस होतं. शेळ्या पाळणाऱ्या बायकांची ती संस्था. कन्नड तालुक्यातल्या गावोगावच्या बायका तिच्या सभासद होत्या, आणि विशाखा तिथं कॉम्प्युटर सांभाळायची. तिच्या आधीच्या माणसानं सगळी माहिती एकाच रकान्यात कोंबून ठेवली होती. नाव, गाव, शेळ्या किती, फोन, सगळं एका ओळीत आणि मध्ये नुसती उभी रेघ. एका गावच्या बायका शोधायच्या म्हटलं तरी डोळे दुखेपर्यंत ओळी चाळाव्या लागायच्या.

पिशोरचा मेळावा जवळ आला तसे संस्थेचे समन्वयक अंगद सर तिच्या टेबलापाशी आले. सभासदांना ओळखपत्रं वाटायची होती. गुलमंडीतल्या छापखान्यानं कार्डाचा नमुना पाठवला होता. त्यावर तीन चौकटी होत्या: नाव, पतीचे नाव, आडनाव.

"हे सगळं सुटं करून दे," सर म्हणाले. "उद्या दुपारी फाइल गेली पाहिजे, नाहीतर छापून होत नाही."

विशाखाला असलं काम आवडायचं. तिनं क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायची सूचना, लिहिली. उभी रेघ दिसेल तिथं ओळ तोडायची, पहिला तुकडा एका रकान्यात, दुसरा पुढच्या. मग नावाचा तुकडा मोकळ्या जागेवर पुन्हा तोडायचा. काही बायकांनी दोनच शब्द दिले होते, त्यांचं आडनाव मधल्या रकान्यात जाऊन बसत होतं. ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं नीट केलं. संध्याकाळी स्क्रीनवर नावं आपापल्या जागी उभी राहिली तेव्हा तिला घर झाडून काढल्यासारखं वाटलं.

मधल्या रकान्याला काय म्हणायचं, एवढंच उरलं होतं.

"सर, मधलं सगळ्यांच्या नवऱ्याचंच असेल ना?"

"मग काय? लग्न झालेल्या बायका आहेत सगळ्या. लावून टाक."

तिनं 'पतीचे नाव' असं लावून टाकलं. आणि लावता लावता तिला बानाबाई आठवली.

बानाबाई सूर्यभान शिंगाडे. पिशोरच्या बाहेर, धनगरवस्तीवर राहायची. शेळ्यांना लस टोचणं, अडलेली शेळी मोकळी करणं, ही कामं संस्थेनं तिला शिकवली होती आणि ती आता आसपासच्या सगळ्या वस्त्यांवर जायची. उन्हाळ्यात विशाखा माहिती घ्यायला गेली तेव्हा बानाबाईनं तिला दारातल्या बाजेवर बसवून सगळं सांगितलं होतं. लग्न झालं तेव्हा ती शाळेच्या वयाची होती. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला गोठ्यात झोपायला सांगितलं. ती निघाली ती चालत बापाच्या दारात आली. बापानं, सूर्यभाननं, तिला आत घेतलं. दुसऱ्या दिवशी तो तहसीलला जाऊन रेशन कार्डावर तिच्या नावापुढं आपलं नाव घालून आला.

"बाप म्हणला, कुणी इचारलं तर बानाबाई सूर्यभान सांगायचं. त्या माणसाचं नाव या घरात घ्यायचं नाय," बानाबाई म्हणाली होती. "तवापासून बापाचंच लावते, पोरी."

म्हणजे विशाखाला ठाऊक होतं. तिच्या मनात आलंसुद्धा, ही एक ओळ नंतर हातानं बदलू. अशा आणखी कोण कोण आहेत ते पिशोरला फोन करून विचारू. तेवढ्यात घरून फोन आला, मग छापखान्याचा आला, आणि दुसऱ्या दिवशी फाइल तशीच गेली.

मेळावा पिशोरच्या मंगल कार्यालयात होता. बायका लेकरंबाळं घेऊन आल्या होत्या. बानाबाईचा सत्कार ठरला होता, म्हणून तिनं बापालाही आणलं होतं. म्हातारा धुतलेलं धोतर नेसून, लाल पागोटं बांधून पहिल्या रांगेत बसला होता. त्याला ऐकू कमी यायचं, पण चेहरा समाधानी होता. विशाखा मंचाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसली होती.

अंगद सरांनी कार्ड हातात घेतलं आणि माइकवर वाचलं, "बानाबाई, सूर्यभान शिंगाडे यांच्या सौभाग्यवती." मग त्यांनीच खाली बघितलं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याकडं कुणीतरी बोट दाखवत होतं. "सूर्यभानराव पण आलेत का? वा. मग दोघंही या वर. जोडीनं सत्कार करू."

म्हाताऱ्याला बाकी काही कळलं नाही, स्वतःचं नाव तेवढं कळलं. तो काठी टेकत उठला आणि हसत हसत मंचाच्या पायऱ्या चढू लागला. मागून एक जण हसला. मग त्याच्या शेजारचे हसले. बायकांनी तोंडाला पदर लावले. बानाबाई रांगेतून उठली, पायरीवर तिनं बापाचा दंड धरला आणि त्याला वळवलं. तो विचारत होता, काय झालं, कशाला बोलावलं. दोघं मधल्या वाटेनं दारातून बाहेर गेले.

"माफ करा, सिस्टिममध्ये चूक झालेली दिसते," सर माइकवर म्हणाले.

परत येताना जीपमध्ये त्यांनी मागं वळून विचारलं, "काय झालं होतं गं नेमकं?"

"सिस्टिमनं तसं घेतलं, सर," विशाखा म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या रविवारी ती एकटीच बसनं पिशोरला गेली. नवीन कार्ड छापून घेतलं होतं, पर्समध्ये होतं. बानाबाई वस्तीवर दारात बसून शेळीचे खूर कापत होती. तिनं मान वर केली, बस म्हणाली, आणि हातातलं काम संपवलं.

"मावशी, माफी मागायला आले."

"तो साहेब म्हणला, यंत्राची चूक."

"यंत्राची नाही. माझी."

बानाबाईनं खूर कापायची कात्री पायाशी ठेवली. "तुला तर मी सांगितलं व्हतं. इथंच, या बाजंवर."

"हो. आठवलं होतं मला तेव्हा. नंतर बदलू म्हटलं आणि राहून गेलं."

"राहून गेलं," बानाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर विशाखाला बरं वाटलं असतं. "मला काय, लोक मला आयुष्यभर हसले. पण म्हाताऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणीतरी कानाशी वरडून सांगितलं. तवापासून पारावर जात नाय. मी भाकर वाढली की मान खाली घालतो. लेक म्हणून हाक मारायचा, तीबी मारत नाय आता."

विशाखाचे डोळे भरून आले. "मी बाबांशी बोलू का? पाया पडते त्यांच्या."

"नको. कसंबसं इसरायला लागलाय. तू परत उकरून काढू नको."

तेवढ्यात म्हातारा घरातून काठी टेकत बाहेर आला. ही कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं विशाखाकडं बघून हात जोडले आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "पाव्हणी उन्हातून आली. चहा टाका." बानाबाई उठली. शेळीच्या दुधाचा चहा विशाखानं म्हाताऱ्याशेजारी बसून प्यायला. तो पावसाचं बोलला, चाऱ्याचं बोलला. ती व्हय व्हय म्हणत राहिली.

निघताना तिनं कार्ड काढलं. बानाबाईनं हातसुद्धा पुढं केला नाही.

"मला नको ते. आणि तुझ्या त्या यंत्रातून माझं नाव काढून टाक. सगळंच."

"मावशी, संस्थेत तुमच्यासारखं कोण आहे? लसीचं कसं व्हायचं?"

"शिकव दुसऱ्या कुणाला. मला बी शिकवलंच व्हतं की."

सोमवारी विशाखानं रकान्याचं नाव 'मधले नाव' केलं. पिशोरला फोन करून विचारलं तेव्हा बापाचं नाव लावणाऱ्या आणखी काही बायका निघाल्या. त्यांची कार्डं बदलून पाठवली. त्यानंतर तिनं बानाबाईची ओळ काढून टाकली. मग ती अंगद सरांकडं गेली.

"सर, ती सिस्टिमची चूक नव्हती. मला माहीत होतं, तरी मी बदललं नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मी पण न बघता वाचलंच की," ते म्हणाले. चष्मा परत लावून त्यांनी विचारलं, "येईल का ती परत?"

"नाही."

वस्त्यांवरच्या लसीकरणासाठी मग मोनिका नावाची पोरगी घेतली. ती हुशार होती, पण पहिल्या पावसाळ्यात तिचा हात बसलेला नव्हता. त्या वर्षी वस्त्यांवर बऱ्याच शेळ्या दगावल्या. बायका म्हणायच्या, बानाबाई असती तर. विशाखा ऐकून घ्यायची.

दिवाळीनंतर ती जीपनं पिशोरवरून पुढच्या गावाला चालली होती. रस्त्याच्या कडेला शेळ्यांचा कळप होता आणि कळपामागं बानाबाई, खांद्यावर काठी आडवी टाकून. जीप हळू झाली. बानाबाईनं आत बघितलं, ओळखलं, आणि शेळ्या रस्त्यातून बाजूला घेतल्या, गाडीला वाट मिळावी म्हणून. थांबवा म्हणायचं विशाखाच्या ओठांवर आलं होतं. पण म्हातारा कसा आहे हे विचारायची तिला भीती वाटली, आणि ड्रायव्हरनं गियर टाकला.